दाणा वाजला की जबडा

जांभई देताना माझ्या उजव्या कानापाशी अलीकडे 'कट्ट' असा आवाज होतो. परवा शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात साहेबांचं भाषण रंगात आलं होतं, म्हणजे त्यांचं रंगात आलं होतं. मी तोंडावर हात धरून पोटभर जांभई दिली, कानापाशी कट्ट झालं आणि मला विंझरच्या चंद्राक्का आठवल्या. मी एकटाच हसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं, सर?" मी म्हणालो, "काही नाही, वायसर सरकला." बाईंनी खुर्ची जरा लांब घेतली.

चंद्राक्कांना जाऊन आता दोन वर्षं होतील. विंझरला मी नऊ वर्षं विज्ञान शिकवलं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून भाताची गिरणी होती आणि दिवाळी झाली की ती सुरू व्हायची ती थेट शिमग्यापर्यंत. प्रकाशाचं परावर्तन काय आणि पचनसंस्था काय, सगळं मी गिरणीच्या वरच्या पट्टीत शिकवलं. घरी गेलो तरी आवाज खाली यायचा नाही. बायको म्हणायची, "मी आठवीत नाही, हळू बोला."

त्या गिरणीच्या दारात तेलाचा डबा उपडा घालून, त्यावर पोत्याची घडी टाकून चंद्राक्का बसायच्या. वय साठीच्या आसपास, अंग काटकुळं, गावात नऊवारी नेसणाऱ्या ज्या चार-दोन बायका उरल्या होत्या त्यातल्या एक. हंगामात कोंडा उडून त्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. गिरणी त्यांच्या नवऱ्याने घातलेली. तो गेल्यावर दीर, बबनराव, मशीन बघायचे आणि अक्का दार बघायच्या. "मशीन भाऊजींची, दार माझं," असं त्या सांगायच्या आणि त्यात कुणाला शंका असेल तर त्याने आपलं भात घेऊन दारात यावं, म्हणजे कळायचं.

दार बघायचं म्हणजे काय, ते सांगतो. भात ओलं असेल तर मशीनमध्ये तांदूळ चेपतो, चिकटतो, मशीन तुंबते. फार वाळलेलं असेल तर तांदूळ तडकून सगळी कणी होते. नेमकं वाळलेलं असेल तरच अख्खा, लांब दाणा बाहेर पडतो. तेव्हा आलेलं पोतं मशीनमध्ये घालायचं की परत उन्हात पाठवायचं, हे अक्का ठरवायच्या. पोत्याच्या तोंडातून एक दाणा, पोटातून एक आणि हात कोपरापर्यंत खुपसून बुडातून एक. तिन्ही दाणे एकामागून एक उजव्या दाढेखाली. डोळे मिटायचे, चावायचं, ऐकायचं. मशीन धडधडत असली तरी त्यांना तो आवाज ऐकू यायचा, कारण तो बाहेरून यायचाच नाही. "वलं दबतं, वाळलं तुटतं, लई वाळलं फुटतं," हा त्यांचा मंत्र. मग डोळे उघडून निकाल. एक तर "घ्या आत," नाही तर "परत न्या, दोन उन्हं द्या."

पोत्याच्या बुडावर त्यांचा भारी विश्वास. "तोंड ग्वाड बोलतं. खरं काय ते बुडाला इचारायचं," असं म्हणायच्या, आणि हे त्या पोत्याबद्दलच म्हणतात की समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल, हे समोरच्या माणसाला कळायचं नाही. एकदा सरपंच टेम्पो करून सहा पोती घेऊन आले. अक्कांनी तीन दाणे चावले आणि म्हणाल्या, "परत न्या." सरपंच हसले, म्हणाले, "अक्का, आमचं बी परत?" अक्का म्हणाल्या, "तू सरपंच हाईस रं बाबा. भाताला कुठं ठाव हाय?" टेम्पो परत गेला. तिसऱ्या दिवशी सरपंच पुन्हा आले, तांदूळ बघितला आणि कुणाला न सांगता अक्कांच्या डब्याशेजारी चहाचा पेला ठेवून गेले.

बबनराव हा मनुष्य वाईट नव्हता. पण त्याला नवी वस्तू दिसली की चैन पडत नसे. नसरापूरच्या एका व्यापाऱ्याकडे त्याने भाताचा ओलावा सांगणारं मीटर पाहिलं. मूठभर दाणे घालायचे, बटण दाबायचं, आकडा येतो. तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते मीटर होतं. अक्का म्हणायच्या, "भाऊजी, त्याला दात हायत का?" आणि विषय तिथंच संपायचा.

तो ज्या पौषात संपेनासा झाला, त्या पौषातली ही गोष्ट.

वेल्ह्याच्या अंगाच्या एका वाडीतल्या पार्वताबाई चार पोती भात घेऊन आल्या. माघात थोरल्या मुलीचं लग्न. यंदाचा इंद्रायणी त्यासाठीच राखून ठेवलेला, पंगतीला घरचाच तांदूळ वाढायचा हा त्यांचा हट्ट. अक्कांनी दाणे चावले. तोंडाचा, पोटाचा, बुडाचा. "घ्या आत," म्हणाल्या.

अर्ध्या तासात मशीनने गुरगुरायला सुरुवात केली. बबनरावांनी ती बंद करून उघडेपर्यंत तिसरं पोतं आत गेलं होतं. तांदूळ चेपलेला, तुटलेला, पिठाळ. मी मधल्या सुट्टीत आवाज बंद का झाला म्हणून डोकावलो, तेव्हा पार्वताबाई ओंजळभर कणी हातात धरून उभ्या होत्या. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आक्का, हे लगनात वाढू व्हय?"

अक्कांनी त्यातली कणी चिमटीत घेऊन चोळून पाहिली. बबनरावांनी हात पुसले आणि हळूच म्हणाले, "वैनी, यंदा मीटर आणू. तुमी आता घरी आराम करा." आराम हा शब्द मी तोवर चांगल्या अर्थाचा समजत होतो.

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळी अक्का शिक्षकांच्या खोलीत आल्या. हातात स्टीलचा डबा, काखेत दोन केळी. मला म्हणाल्या, "गुरुजी, मी हितं बसून जेवते. तुमी नुस्तं ऐका." आणि दहीभाताचा घास तोंडात घालून उजवा गाल माझ्याकडे केला. परक्या बाईच्या गालाशी कान नेऊन बसायचं म्हणजे मला अवघडल्यासारखं झालं, पण अक्कांपुढे अवघडून चालत नसे. मी वाकलो. दुसऱ्या की तिसऱ्या घासाला मला अगदी बारीक 'टक्' ऐकू आलं.

"खडा लागला?" मी विचारलं.

"भात दोनदा निवडलाय. आन् हे बगा." त्यांनी केळं खाल्लं. टक्. मग काहीच न खाता तोंड मोठं उघडलं आणि मिटलं. टक्. "तुमाला बारीक येतं. मला कानात कट्ट वाजतं, दाना तुटल्यावानी. काल पार्वतीच्या भाताला दात म्हणत व्हता दबलं, कान म्हणत व्हता तुटलं. म्या कानाचं ऐकलं." त्यांनी डबा बंद केला. "गुरुजी, दाना वाजलाच नव्हता. मीच वाजले."

मग त्यांनी विचारलं, "तुमी पोरांना कान शिकविता. माझा कान जेवताना का वाजतो, ते सांगा."

मला बरं वाटलं. कानाचा तक्ता माझा आवडता. रंगीत, मोठा, वर काठी असलेला. मी तो भिंतीला लावला आणि बाह्यकर्ण, मध्यकर्ण, आंतरकर्ण, हातोडी, ऐरण, रिकीब असं सगळं छडीने दाखवलं. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तक्त्याच्या अगदी जवळ जाऊन म्हणाल्या, "ह्या कानाला जबडा कुठाय?"

जबडा नव्हता. आधीच्या शाळा धरून वीस वर्षं मी असाच तक्ता लावत होतो आणि त्यातला कान डोक्यापासून कापून काढलेला आहे, त्याला शेजारपाजार काही नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हणालो, "पुस्तकात एवढंच आहे." अक्का म्हणाल्या, "मग पुस्तकाचं तोंड बगितलं तुमी. बूड न्हाई बगितलं."

त्यांनी स्वतःच बूड शोधायला घेतलं. चार दिवस त्या येता-जाता तोंड उघडत होत्या, मिटत होत्या, आवंढे गिळत होत्या. गिरणीत आलेल्या बायकांनी उपाय सुचवले. एक म्हणाली कानात किडा गेलाय, लसणीचं तेल कोमट करून घाला. दुसरी म्हणाली बाहेरचं आहे, उतरवून टाका. अक्का दोघींना म्हणाल्या, "किडा असता तर मी जेवताना त्यो कशाला वाजंल? त्यालाबी तवाच भूक लागती व्हय?" पाचव्या दिवशी त्या माझ्याकडे पक्का माल घेऊन आल्या. आवाज एक नाही, दोन आहेत. आवंढा गिळला की दोन्ही कानांत 'पुट्' असं हलकं होतं, वरंधा घाट उतरताना एसटीत दडे सुटतात तसं. ते पूर्वीपासूनचं, त्याची तक्रार नाही. आणि तोंड मोठं उघडलं की फक्त उजवीकडे, कानाच्या अलीकडे, 'कट्ट' होतं. हे नवं. "आन् करंगळी कानात घालून तोंड उघडा, गुरुजी. आत काय हालतंय ते बगा."

मी घातली. तोंड उघडलं. कानाच्या पुढच्या भिंतीमागे काहीतरी सरकलं आणि तोंड मिटताच परत जागेवर आलं. जबड्याची बिजागरी माझ्या करंगळीच्या टोकाशी होती. इतकी जवळ! मला इतका आनंद झाला की पुढच्याच तासाला मी आठवीच्या अख्ख्या वर्गाला दोन्ही करंगळ्या दोन्ही कानांत घालून आ करायला लावलं. नेमके त्याच वेळी केंद्रप्रमुख दारात आले. चाळीस पोरं कानात बोटं घालून, आ वासून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तर मीही तसाच. शेरेबुकात त्यांनी "वर्गात शांतता होती" असं लिहिलं.

लग्नाला बारा दिवस उरले होते. अक्का म्हणाल्या, "पार्वतीला तोंड दाखवायच्या आधी मला ठाव पायजे. उद्या भोर." नसरापूरला उतरून आम्ही भोरची एसटी धरली. मी रजा टाकून का गेलो, ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्यांनी मला विचारलंच नव्हतं, मीही येतो असं म्हटलं नव्हतं. सकाळी थांब्यावर त्या माझी वाट बघत होत्या, एवढंच.

कानाच्या डॉक्टरांनी बत्ती लावून पाहिलं, थोडा मळ काढला आणि म्हणाले, "कान उत्तम आहे, आजी." दुसरी कुणी असती तर खूश होऊन उठली असती. अक्का उठल्या नाहीत. "कान उत्तम हाय तर वाजतंय कोन, त्याच्याकडं धाडा." डॉक्टर हसले आणि त्यांनी दोन गल्ल्यांपलीकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नावे चिठ्ठी दिली.

त्या बाई तरुण होत्या. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची कवटी होती, जबडा हलणारी. ती बघताच अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "असलं पायजे व्हतं तुमच्या तक्त्यात." बाईंनी दोन्ही बोटं अक्कांच्या कानांपुढे ठेवून त्यांना तोंड उघडायला, मिटायला लावलं. मग कवटीवर दाखवलं. जबड्याची बिजागरी कानाच्या अगदी पुढे, मध्ये पातळ भिंत. त्या बिजागरीत हाडावर हाड घासू नये म्हणून एक छोटी गादी असते. ती जागेवरून घसरली की तोंड उघडताना हाड तिच्यावर उडी मारून चढतं. ती उडी म्हणजे तो आवाज. शेजारच्या घरात भांडं पडावं तसा कानाला ऐकू येतो. आणि गिळताना किंवा जांभई देताना जे हलकं 'पुट्' होतं, ते कानापासून घशापर्यंत जाणाऱ्या बारीक नळीचं तोंड उघडल्यामुळे. ते सगळ्यांनाच होतं.

"म्हंजी वायसर सरकलाय," अक्का म्हणाल्या.

बाई क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "हो आजी. वायसरच."

"बदलता येतो?"

"बदलायची गरज नाही. दुखत नाही ना? तोंड अडकत नाही ना? मग घाबरण्यासारखं काही नाही. पण त्याला विश्रांती द्यायची. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरायची, गरम फडक्याने शेकायचं आणि कडक काही चावायचं नाही. तुम्ही चावता का काही? सुपारी वगैरे?"

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मीच सांगितलं, तीस वर्षं, हंगामात रोज शे-दीडशे भाताचे दाणे, सगळे उजव्या दाढेखाली. बाईंनी कवटी खाली ठेवली. "आजी, ते बंद."

परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेरची भाताची खाचरं बघत बसल्या होत्या. मी समजूत घालावी म्हणून म्हणालो, "मीटर येतंच आहे, अक्का. वयही झालं." त्या माझ्याकडे वळल्या. आयुष्यात मला बऱ्याच जणांनी झापलंय, पण इतक्या हळू आवाजात कुणी नाही. "वायसर गेला म्हनून कुनी गिरनी इकत न्हाई, गुरुजी. दार गेलं तर मी घरात बसून काय करू? भिताडाला कान लावू?" पुढे चेलाडी फाट्यावर उसाचा रस घेताना म्हणाल्या, "दाना चावायचा न्हाई म्हनल्या बाई. दाना ऐकायचा न्हाई असं कुटं म्हनल्या?"

पार्वताबाईंच्या घरी त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या. मला साक्षीला नेलं. स्वतःच्या घरात वर्षाच्या खाण्यासाठी ठेवलेला तांदूळ पोत्यात भरून त्यांनी टेम्पोत घातला होता. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते, दोन-चार पाहुणे बसलेले. अक्कांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पार्वते, तुझं भात वलं व्हतं. मी घ्या आत म्हनले ती चूक माझी. माझा जबडा वाजला आन् म्या त्यालाच दाना समजले. हात लाव हितं." आणि पार्वताबाईंचा तळवा धरून आपल्या कानापुढे ठेवला, तोंड उघडलं.

पार्वताबाईंचे डोळे मोठे झाले. "व्हय की! आत कायतरी उडी मारतंय."

"तेच. हा तांदूळ पंगतीला घे. कनी मी नेते, आमी खातो."

पार्वताबाईंनी तांदूळ ठेवून घेतला. पण माफ केलं वगैरे म्हणाल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "पुढल्या साली भात कुटं न्यायचं, ते मालक ठरवतील." अक्का म्हणाल्या, "ठरवू दे." टेम्पोत बसल्यावर मात्र त्यांनी पदराने डोळे टिपले. मी दुसरीकडे बघितलं. त्या वर्षी अक्का-बबनरावांच्या घरी जेवायला गेलो की कण्यांचाच भात असायचा.

बबनरावांनी मीटर आणलं. अक्कांनी सासूचा पितळी अडकित्ता काढला.

दाढेऐवजी अडकित्ता. दाणा दोन पात्यांत धरायचा, दाबायचा आणि ऐकायचा. उन्हाळी सुट्टीत त्यांनी मला कामाला लावलं. सात वाट्यांत भात: एक नुसतं ओलं, एक एका उन्हाचं, एक दोन उन्हांचं, असं चढत. मी वाट्यांची अदलाबदल करायची, त्या पाठ फिरवून बसायच्या आणि एकेक दाणा फोडून ओळखायच्या. पहिल्या दिवशी सातांपैकी दोन बरोबर आल्या. आठवडाभर तेच. आवाज फार बारीक, पकडतच येईना. "दाढंखाली भरून याचा. हा नुस्ता वरच्या वर जातोय," असं म्हणून त्यांनी अडकित्ता आदळला. हार मानतील असं वाटलं. त्यांनी तो उचलला, पुसला आणि पुन्हा पहिल्या वाटीपासून सुरुवात केली.

ह्या सगळ्या प्रकरणात माझी म्हणावी अशी एकच कामगिरी आहे, ती सांगून टाकतो. शाळेच्या कपाटातला नादकाटा मी एके दिवशी घेऊन गेलो, ठोकला आणि त्याचा दांडा अक्कांच्या कानामागच्या हाडावर टेकवला. त्या दचकल्या. "आरं तिच्या! ह्यो तर आतून वाजला!" मी सांगितलं, हाडातूनही आवाज जातो. दाढेखालचा दाणा तुम्हाला मोठा ऐकू यायचा तो म्हणूनच, आणि जबड्याची उडीही. अक्कांनी माझं पुढचं ऐकलंच नाही. पदर मागे सारला, अडकित्त्याचं बिजागरीकडचं टोक कानामागच्या हाडावर टेकवलं, दाणा दाबला आणि डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी सातांपैकी पाच. जून लागेपर्यंत सातांपैकी सात, लागोपाठ चार दिवस.

मात्र याला शांतता लागायची. मशीन चालू असली की हाडातूनही मशीनच ऐकू यायची. अक्का दिरांना म्हणाल्या, "पोतं बगताना मशीन थांबवा." बबनराव आधीच मीटरच्या प्रेमात. ते उखडले. "दर पोत्याला मोटार बंद-चालू? जळंल ती. वैनी, मशीन थांबनार न्हाई म्हंजी न्हाई." शेवटी अक्कांनीच तोड काढली. ज्याला आपलं भात त्यांना दाखवायचं असेल त्याने सकाळी आठच्या आत, मशीन सुरू व्हायच्या आधी यायचं. नंतर येईल त्याने मीटरला दाखवायचं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी आठला दारात कुणी नव्हतं. दुसऱ्या सकाळीही नाही. लोक अकराला यायचे, मीटरचा आकडा बघायचे, आत जायचे. अक्का डब्यावर बसून राहायच्या, अडकित्ता मांडीवर. मला भिंतीवरून दिसायचं. मी मुद्दाम लवकर जाऊन चौकशी केली तर म्हणायच्या, "येतील. न्हाई आले तर उद्या येतील." असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी पावणेआठला वेल्ह्याकडून टेम्पो आला. पार्वताबाई उतरल्या, मागे त्यांचे मालक आणि तीन पोती. अक्कांनी तोंडाचा दाणा घेतला, पोटाचा घेतला, बुडात हात घातला. तीनदा अडकित्ता कानामागे. मग म्हणाल्या, "दोन पोती घ्या आत. हे तिसरं परत न्या, एक ऊन द्या." पार्वताबाईंचे मालक काहीतरी म्हणणार होते, पण बाईंनी स्वतःच ते पोतं पुन्हा टेम्पोत ढकललं. त्यानंतर आठच्या आत येणाऱ्यांची रांग लागू लागली.

त्या घटनेनंतर अक्कांना एक खोड लागली. गावात कुणाबद्दल काही कानावर आलं की त्या विचारायच्या, "वाजलं खरं. पन वाजलं कोन?" भल्याभल्या चहाड्या त्या एका प्रश्नापुढे आटोपायच्या. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायच्या. शाळेत संक्रांतीला तिळाची वडी दिली तर पदरात बांधायच्या, म्हणायच्या, "बाईंनी बंद केलंय." पथ्य त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. तो कट्ट आवाज पुढे कमी झाला, पण गेला नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणायच्या, "आता वळख हाय."

पुढे माझी बदली सारोळ्याला झाली. तिथे सासऱ्यांच्या वाटणीतला भाताचा तुकडा बायकोकडे आला, त्यात आम्ही इंद्रायणी लावला. जवळ गिरण्या होत्या, पण मी पहिलं पोतं टेम्पोत टाकून मुद्दाम विंझरला गेलो. थोडा मिरवायचा हेतू होता, खोटं कशाला बोलू. वाटेत चहाला थांबलो आणि पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. गिरणी जोरात चालू होती. दारात आठ-दहा जण उभे. बबनरावांनी मला ओळखून हात केला, पोत्याच्या तोंडातून मूठभर भात घेऊन मीटरमध्ये घातलं आणि ओरडून म्हणाले, "एकदम वक्के, गुरुजी! घाला आत!"

अक्का डब्यावर होत्या. खूप खंगल्या होत्या, हातावरच्या शिरा दिसत होत्या. मला म्हणाल्या, "उशीर केला." मग उठून माझ्या पोत्याकडे आल्या आणि हात कोपरापर्यंत बुडात घातला. मी ओरडून म्हणालो, "राहू द्या अक्का, मीटरने बघितलंय." गिरणीच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल. दाणा अडकित्त्यात धरून त्या डब्यावर जाऊन बसल्या.

आणि एकदम सगळं शांत झालं. इतकं की शाळेतून पाढे ऐकू यायला लागले. मला वाटलं वीज गेली. वळून पाहिलं तर बबनराव भिंतीशी उभे होते, हात मोटारीच्या बटणावर. त्यांनीच ती बंद केली होती. अर्ध्यावर आलेलं कुणाचं तरी भात मशीनमध्ये तसंच अडकलेलं. आठ-दहा माणसं दारात तशीच उभी. बबनरावांचे डोळे वहिनींच्या मुठीवर.

अक्कांनी पदर मागे सारला, अडकित्ता कानामागे टेकवला आणि डोळे मिटले.

"परत न्या, गुरुजी," त्या म्हणाल्या. "फरशीवर ठिवलं व्हतं न्हवं? बूड वलं हाय. एक ऊन द्या."

मी फरशीवरच ठेवलं होतं. पोतं टेम्पोत चढवायला बबनरावांनी हात लावला. टेम्पो रस्त्याला लागला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. अक्का पुढच्या पोत्याच्या बुडात हात घालत होत्या आणि बबनराव अजून बटणावर हात ठेवून, त्या डोळे उघडतील म्हणून वाट बघत उभे होते.